पडद्यापुढील संमेलन

मराठी माणसाच्या साहित्यप्रेमाचा अंदाज त्याच्या ग्रंथखरेदीवरून बांधू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव फार. परंतु साहित्य संमेलनाविषयी त्याला वाटणारे प्रेम इतके उत्कट, इतके निरपेक्ष आणि साहित्यापासून इतके अलिप्त असते की, त्यापुढे कोणत्याही भाषेने आदराने मान लववावी. 98 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीस भरणार, ही वार्ता आमच्या तालुक्याच्या गावी येऊन थडकली, तेव्हा येथील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातील झाडून साऱ्या सभासदांनी, ज्यांपैकी कित्येकांनी वाचनालयातून दिवाळी अंकाखेरीज काही नेल्याची नोंद दप्तरी आढळत नाही, आपणांस प्रतिनिधी म्हणून दिल्लीस पाठवण्यात यावे आणि जाण्यायेण्याचा खर्च संस्थेने सोसावा, असे अर्ज माझ्याकडे दाखल केले. मी या संस्थेचा मानद चिटणीस असल्यामुळे असे अर्ज स्वीकारणे, त्यांवर आवक क्रमांक घालणे आणि त्यानंतर अर्जदारांच्या नजरेस न पडता बाजारातून घरी पोहोचणे, ही सारी कामे माझ्याच शिरावर असतात.

सभा भरली. खजिनदारांनी रोजकीर्द उघडून असे निवेदन केले की, वाचनालय 'ब' वर्गाचे असून शासकीय अनुदानाचा हप्ता अद्याप यावयाचा आहे आणि तूर्त हाती असलेल्या शिलकेत एक इसम मनमाडपर्यंत जाऊ शकेल. मात्र तो परत येऊ शकणार नाही.

"मग तो इसम विचारपूर्वक निवडावा लागेल," असे अध्यक्ष म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिले हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुण्याहून महादजी शिंद्यांच्या नावाची खास आगगाडी सुटणार असून धावत्या गाडीतही साहित्याचे कार्यक्रम होणार, या बातमीने मंडळींची मने आधीच हुळहुळी झाली होती. आमच्यातील एक निवृत्त मामलेदार, ज्यांना पेन्शनीत निघाल्यापासून इतिहासाचे वेड लागले आहे, ते आवेशाने उठून म्हणाले, "1737 साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला तो काय शिल्लक बघून? पेशव्यांची प्रत्येक स्वारी कर्ज काढूनच झालेली आहे."

"ते कर्ज पुढे कुणाला फेडता आलं का, तेही वाचा," खजिनदार रोजकीर्द मिटत म्हणाले. "पुस्तक आपल्याकडे आहे. गेली कित्येक वर्षं तुमच्याच नावावर आहे."

या जाबसालानंतर स्वारीचा बेत तहकूब झाला, आणि सर्वत्र उदास शांतता पसरली असता आमचा सहायक ग्रंथपाल, जो वयाने लहान असल्यामुळे त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नाही, तो चहाचे पेले उचलता उचलता बोलून गेला की, संमेलन सगळे मोबाइलवर थेट दिसणारच आहे. ते मोठ्या पडद्यावर लावले म्हणजे झाले. एखादी कल्पना फुकट अमलात येण्याजोगी असली म्हणजे तिचे तेज आमच्या मंडळाला तत्काळ जाणवते. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सूचक म्हणून अध्यक्षांचे नाव इतिवृत्तात नोंदण्यात आले.

आता कोणत्याही सामान्य बुद्धीच्या मनुष्यास असे वाटेल की, या योजनेस एक यंत्र, एक पडदा आणि एक कळ दाबणारा मुलगा एवढ्यावर भागावे. मीही तशाच तीन कलमांचा मसुदा करून अध्यक्षांपुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, आणि विचारले, "अध्यक्ष कोण?"

"डॉ. तारा भवाळकर."

"त्या दिल्लीच्या. इथल्या कोण?"

"इथं अध्यक्ष कशाला? त्या पडद्यावर असतील."

"आणि पडद्यापुढं कोण बसेल?"

"प्रेक्षक."

अध्यक्षांनी माझ्याकडे जी दृष्टी टाकली तीत क्रोध नव्हता, निव्वळ अनुकंपा होती. त्यांच्या मते, आणि त्यांच्या मतास आमच्या गावात सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, ज्या समारंभास अध्यक्ष नाही त्याला समारंभ न म्हणता गर्दी म्हणतात, आणि गर्दी पांगवण्याचा अधिकार फौजदारास असतो. सबब पडद्यावर एक अध्यक्ष असता पडद्यापुढेही एक अध्यक्ष असणे प्राप्त झाले; अध्यक्ष म्हटल्यावर उद्घाटक आला; उद्घाटकाच्या मागून प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी आणि स्वागताध्यक्ष ओघानेच आले. त्यानंतर स्वागत समिती, आसन समिती, भोजन समिती, शिस्त समिती, प्रसिद्धी समिती आणि या पाच समित्यांमधील तंटे मिटवण्यासाठी समन्वय समिती अशी रचना पूर्ण झाली, तेव्हा ग्रंथपालांनी हिशेब करून दाखवला की, गावातील वाङ्मयाभिरुची असलेले सर्व स्त्रीपुरुष छातीवर बिल्ला लावून कामाला लागले असून खुर्चीत बसून बघण्यास कोणी उरलेले नाही.

भोजन समितीचे कामकाज सर्वांत अधिक काळ चालले, हे सांगणे न लगे. संमेलन दिल्लीचे आहे म्हणून छोले करावेत, असा एक पक्ष; भाषा मराठी आहे म्हणून झुणका-भाकर व्हावी, असा दुसरा. खजिनदारांनी उपमा आणि चहा अशी तडजोड सुचवताच एक सभासद उसळून म्हणाले, "3 ऑक्टोबर 2024 ला आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला. तो काय उपम्यावर साजरा करायचा?" या प्रश्नातील भावनेचा मान राखून उपम्यात काजू घालण्यास मंजुरी देण्यात आली. प्रत्यक्ष पानात तो दर्जा फारसा आढळला नाही, हा भाग निराळा.

प्रसिद्धी समितीने चौकात जो फलक उभारला, त्यावर स्थानिक मान्यवरांच्या छायाचित्रांना जागा देता देता संमेलनाध्यक्षांचे छायाचित्र तिकिटाएवढे झाले. दिल्लीचा उल्लेख एका कोपऱ्यात होता; तेथे विजेचा खांब येत असल्यामुळे तो दिसत नसे. परिणामी, हा फलक वाचनालयाच्या अध्यक्षांच्या एकसष्टीचा आहे असा समज होऊन दोन गृहस्थ आहेर घेऊन आले, आणि अध्यक्षांनी तो स्वीकारला.

21 फेब्रुवारी, शुक्रवार, जागतिक मातृभाषा दिन. पडदा शाळेकडून मागवलेला होता. त्याची पुढची बाजू पांढरी असली तरी मागच्या बाजूस कधीकाळच्या नाटकासाठी रंगवलेला राजवाडा होता आणि यंत्राचा झोत पडताच तो झिरपून अलीकडे येई, त्यामुळे विज्ञान भवनात जमलेली दिल्लीची मंडळी संगीत नाटकाच्या दरबारात कमानीखाली आसनस्थ झालेली दिसू लागली. यास कोणी हरकत घेतली नाही. मामलेदारांना तर ते अधिक उचित वाटले. खरा प्रश्न उन्हाचा होता. दिवाणखान्याच्या खिडक्या पश्चिमेस असल्यामुळे त्यांवर वर्तमानपत्रांचे जुने अंक चिकटवून अंधार करण्याची तजवीज मी केली होती. आमच्या वाचनालयाचा खरा वाचक म्हणजे रोज दुपारी पेपर वाचावयास येणारा निवृत्त वर्ग. तो वर्ग नियमाप्रमाणे आला, खिडक्यांपाशी उभा राहिला, आणि पडद्याकडे पाठ करून गतवर्षीच्या बातम्या इतक्या तन्मयतेने वाचू लागला की, शिस्त समितीच्या विनंतीस त्यांच्यापैकी एकाने, "थांबा हो, खून कुणी केला ते खालच्या काचेवर आहे," असे उत्तर दिले.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे प्रथम दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय आणि सत्कार झाले. अध्यक्षांच्या मनात संमेलनाध्यक्षांच्या प्रतिमेस हार घालावयाचा होता. परंतु ग्रंथपालांनी कानाशी लागून, "हयात माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत," असे सांगितल्यावर तो हार त्यांनी स्वतःच्याच गळ्यात ठेवून घेतला. मग प्रास्ताविकासाठी आमचे निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. तोवर दिल्लीस उद्घाटनाचा सोहळा सुरू झालेला होता; परंतु पडद्यातील वक्ता आणि पडद्यापुढील वक्ता एकाच वेळी बोलू लागल्यास स्थानिकाचा मान आधी, या न्यायाने अध्यक्षांनी यंत्रावरील मुलास फर्मावले, "दिल्लीचा आवाज बंद कर." दिल्लीचा आवाज बंद करण्याचे सामर्थ्य आमच्या गावाला इतिहासात प्रथमच प्राप्त झाले होते, आणि ते मंडळींनी पुरेपूर उपभोगले.

मुख्याध्यापकांनी 1878 सालापासून आरंभ केला. त्या साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरवले, येथवर त्यांचा वेग आशादायक होता. परंतु 1885 च्या दुसऱ्या संमेलनास जोतीराव फुल्यांनी जाण्याचे नाकारून पत्र धाडले, तेथे ते थांबले. तेथून 1905 साली साताऱ्यास पोहोचण्यास त्यांना उपम्याची पहिली पंगत उठेपर्यंतचा अवधी लागला. आणि 1954 साली दिल्लीस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष असता पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले, असे ते डोळे मिटून सांगत असता, त्यांच्या पाठीमागे त्याच दिल्लीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते चाललेले उद्घाटन राजवाड्याच्या कमानीखाली निःशब्दपणे उरकत आले. सत्तर वर्षांची मजल मागे असलेल्या त्या सद्‍गृहस्थांना मागे वळून पाहण्यास सांगावे, हे कोणास सुचले नाही.

याच सुमारास पडद्यावर तो सुप्रसिद्ध प्रसंग घडला: पंतप्रधानांनी शेजारी बसलेल्या स्वागताध्यक्ष शरद पवार यांच्या पेल्यात पाणी ओतून दिले. आवाज बंद असल्यामुळे त्या दृश्यास अर्थ पुरवण्याचे काम प्रेक्षकांवर येऊन पडले, आणि ते त्यांनी आनंदाने स्वीकारले.

"हालचाल सुरू झाली," मागच्या रांगेतून एक आवाज आला.

"अहो, तहान लागली असेल."

"राजकारणात तहान लागत नसते."

त्या एका पेल्यावर पुढे अर्धा तास परिसंवाद झाला. खिडकीपाशी उभे असलेले वाचकही पेपर सोडून त्यात सामील झाले, आणि संपूर्ण संमेलनात आमच्या गावाने सर्वाधिक एकाग्रतेने अनुभवलेली घटना हीच होय, असे हजेरीपटावरील अभिप्रायांवरून दिसते.

मुख्याध्यापक साठच्या दशकात शिरत असता तिसऱ्या रांगेतून एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. या आमच्या मंडळातील एकमेव महिला सभासद. रांगोळी आणि औक्षण ही खाती त्यांच्याकडे असतात.

"सर, तुमच्या यादीत बायका कुठं गेल्या?" त्यांनी विचारले. "1961, ग्वाल्हेर, कुसुमावती देशपांडे. 1975, कऱ्हाड, दुर्गा भागवत. 1996, आळंदी, शान्ता शेळके. 2001, इंदूर, विजया राजाध्यक्ष. 2019, यवतमाळ, अरुणा ढेरे. सत्त्याण्णव संमेलनांत पाच. आज मागं पडद्यावर आहेत त्या सहाव्या. लोकसाहित्यात, बायकांच्या ओव्यांत ज्यांनी जन्म घालवला त्या बोलतील तेव्हा तरी दिल्लीचा आवाज लावा. आणि तुमच्या व्यासपीठावर किती बायका आहेत, तेही एकदा मोजा."

व्यासपीठावर शांतता पसरली. मोजण्यासारखे काही नव्हते. अखेर अध्यक्ष खाकरून म्हणाले, "बाई, आपल्या भावनांचा आदर आहे. म्हणून तर रांगोळीसारखी दर्शनी बाब आम्ही विश्वासानं आपल्यावर सोपवली."

आवाज मात्र लावण्यात आला, हे बाईंचे यश. तो लागताक्षणी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. जाहिरातीतील दूरध्वनी क्रमांक टिपून घेण्यासाठी सभागृहात चहूकडून कागद-पेन्सिली निघाल्या. त्या दिवशी कोणी टिपण घेतल्याचे मी पाहिले ते एवढेच. जाहिरात सरली तोच पडद्याच्या उजव्या अंगास एक छोटी चौकट उगवली. संगणक खजिनदारांच्या पुतण्याचा होता आणि त्याच्या मित्रमंडळाचा पत्रव्यवहार त्यावर येत असे. "सुटला का रे?" असा प्रश्न आला. पुतण्याने खाली मान घालून मोबाइलवर दिलेले उत्तर दरबाराच्या मध्यभागी, सर्वांना सुवाच्य दिसेल असे उमटले: "नाही. आमचा म्हातारा अजून आभार मानायचाय." आभारप्रदर्शन खजिनदारांकडे होते. त्यांनी ते वाचले, रोजकीर्द काखेत मारली आणि त्या दिवसाचे आभारप्रदर्शन परस्पर बरखास्त झाले. पुतण्याच्या उद्धटपणाबद्दल लोकांनी त्याला पुढे कितीही दूषणे दिली असोत, त्या घटकेस सभागृहात कृतज्ञतेची लाट उसळलेली मी स्वतः पाहिली.

दुसऱ्या दिवसाचा विषय काढावयाचा तर आमच्या गावच्या कवींचा काढला पाहिजे. दिल्लीच्या कवींना निमंत्रण आणि आम्हांस उपमा, हा अन्याय होय, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. मी त्यांस वेळ देण्यास असमर्थ होतो. परंतु ज्याला मनुष्याने नाकारले त्याला यंत्राने तारले. चालू कार्यक्रम मध्येच थिजून पडद्यावर एक चक्र गरगर फिरू लागे, आणि ते फिरू लागले की, "तोवर वेळ आहे तर..." असे म्हणत पहिल्या रांगेतील एक कवी उठून कविता सुरू करीत. आरंभी हे चक्र क्वचित फिरे. पुढे पुढे ते काव्याला इतके अनुकूल होत गेले की, एका कवीची कविता संपावी, दिल्लीने दोन वाक्ये बोलावीत आणि दुसऱ्याने वही उघडताच चक्र सुरू व्हावे, असा सुरेख क्रम बसला. यंत्रावरील मुलगा त्या दुसऱ्या कवीचा भाचा आहे, ही माहिती मला उशिरा मिळाली. गझलकारांचा त्या मुलाशी काही नातेसंबंध नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला सुरळीत प्रक्षेपण आले, आणि त्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार दाखल केली.

त्याच दिवशीच्या परिसंवादात श्रोत्यांनी रिवाजाप्रमाणे वक्त्यांस चिठ्ठ्या पाठवल्या. वक्ते दिल्लीस असून चिठ्ठी त्यांना मिळणार नाही, ही गोष्ट शिस्त समितीने परोपरीने समजावली. परंतु हक्क तो हक्क. चिठ्ठ्या हातोहात पुढे जात आणि पडद्याच्या कडेस टाचणीने लावल्या जात. रात्री मी त्या सोडवून दप्तरी लावल्या. लेखकाचे समाजाप्रति उत्तरदायित्व काय, असे एकीत विचारले होते. चहा मागच्या रांगेत आला नाही, असे बाकीच्यांत होते.

रविवारी, 23 तारखेस, समारोपाला तरी प्रेक्षक जमावेत म्हणून मी सकाळपासून घरोघर हिंडलो. दुपारी सभागृह तुडुंब भरले. दाराबाहेर माणसे उभी होती, खिडक्यांवरची वर्तमानपत्रे फाडून पोरे आत डोकावत होती. साहित्याविषयीची अशी तहान पाहून माझे डोळे पाणावले आणि ते पुसून मी पडद्याकडे पाहतो तो राजवाड्याच्या कमानीखाली भारत आणि पाकिस्तान यांचा सामना चालू होता. दुबईचा. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, याची नोंद नाही; मात्र व्यासपीठावरील सर्व मान्यवर खाली उतरून प्रेक्षकांत बसले होते, आणि अध्यक्षांनी गळ्यातील हार काढून ठेवला होता. त्यांच्या कारकिर्दीत असे पूर्वी घडलेले नाही. पाकिस्तानचा डाव 241 धावांत आटोपला. पुढे विराट कोहलीने विजयाचा चौकार आणि स्वतःचे शतक एकाच फटक्यात साधले, तेव्हा मामलेदारांनी माझ्या पाठीत जी थाप मारली ती अटकेपार ऐकू गेली असावी. गझलकार आणि मुक्तछंदवाले परस्परांच्या गळ्यात पडले. सामना संपेपर्यंत चक्र एकदाही फिरले नाही.

समारोप मात्र ऐकला गेला. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात, मराठी विश्वकोशाच्या खंडांना मोबाइल टेकवून, त्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांच्या महिला मंडळातील चारजणी खुर्च्या जवळ ओढून शेवटपर्यंत बसल्या होत्या. तेथे अध्यक्ष नव्हता, बिल्ले नव्हते, चहादेखील त्यांनी घरून आणला होता. मी डोकावलो तेव्हा बाईंनी बोटानेच गप्प बसण्याची खूण केली, आणि चिटणीस या नात्याने मी दार लोटून घेतले.

दोन दिवसांनी एका स्थानिक पत्रात वृत्तांत छापून आला. त्यात अध्यक्षांचे मार्गदर्शन, उद्घाटकांचे मनोगत, प्रमुख पाहुण्यांच्या शुभेच्छा, प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि सहा समित्यांतील सर्वांची नावे आली होती, आणि अखेरीस, जागा उरली म्हणून असेल, एक ओळ होती: या प्रसंगी दिल्ली येथील संमेलनही दाखवण्यात आले. ती ओळ अनावश्यक होती असे अध्यक्षांचे मत पडले. छायाचित्रात त्यांच्या खांद्यामागे पडद्याचा एक कोपरा दिसतो, त्याबद्दलही त्यांनी खुलासा मागवला आहे.

ज्या वाचनालयांस पुढील संमेलनाच्या वेळी असा उपक्रम योजावयाचा असेल, त्यांनी कचेरीच्या वेळात माझ्याकडे लेखी अर्ज करावा. पडदा राजवाड्यासह, यंत्र भाच्यासह आणि बिल्ले वापरलेले परंतु सुस्थितीत, असे सर्व साहित्य विनामूल्य मिळेल. अध्यक्ष हवे असल्यास तेही पाठवू. ते परत करण्याची घाई करू नये.